देहाची साक्ष

पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या शेजारी, आबे फारिया यांचा पुतळा १९४५ पासून उभा आहे. रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराने तो घडविला. हात पसरून उभा असलेला धर्मगुरू आणि त्याच्यासमोर भान हरपून कोसळणारी स्त्री, हे दृश्य पाहून परगावचा पाहुणा थबकतो. आपण मात्र रोज त्याच्या पायथ्याशी वाहने लावून कचेरीत जातो. १७५६ साली कांदोळीत जन्मलेल्या या माणसाविषयीची एक आख्यायिका प्रत्येक गोवेकराला ठाऊक आहे. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिलेला तरुण फारिया समोरचा दरबार पाहून गोठून गेला. जीभ टाळ्याला चिकटली, शब्द फुटेना. तेव्हा व्यासपीठाखाली बसलेल्या वडिलांनी हळूच कोंकणीत सांगितले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी.’ घरच्या बोलीतले ते चार शब्द कानी पडताच मुलाचे शरीर सैल झाले आणि वाणी मोकळी झाली.

आख्यायिकेतील इतिहास किती आणि अलंकार किती, हा वाद बाजूला ठेवू. तिच्यातील निरीक्षण मोलाचे आहे. भीतीने प्रथम पकडला तो देह. सुटकाही प्रथम देहाचीच झाली. पुढे १८१३ पासून पॅरिसमध्ये प्रयोग करून दाखविताना फारियांनी सांगितले की, संमोहनाची निद्रा कोणत्याही अदृश्य चुंबकी प्रवाहाने येत नाही. ती ज्याची त्याच्या अंतरातून येते. त्या काळी त्यांची टवाळी झाली आणि १८१९ साली ते उपेक्षेतच वारले. परंतु शरीर आणि मन यांच्यामधील बंद दाराला हात लावणाऱ्या पहिल्या काही माणसांत एक गोमंतकीय होता, ही गोष्ट आज ज्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे त्या संदर्भात आठवण्याजोगी आहे. विषय आहे मनावरील खोल आघात आणि त्यावर शरीराच्या मार्गाने केली जाणारी मानसचिकित्सा.

फारियांनंतर सत्तर वर्षांनी त्याच फ्रान्समध्ये पिएर जाने या तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाने या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार केला. ल हाव्र येथील रुग्णांच्या निरीक्षणावर आधारलेला त्यांचा ग्रंथ १८८९ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी मनाच्या विघटनाची कल्पना मांडली. एखादा प्रसंग मनाला पेलवेनासा झाला की तो इतर आठवणींत मिसळत नाही. एखाद्या घरातील कुलूपबंद खोलीसारखा तो वेगळा राहतो. घराच्या मालकाला त्या खोलीचा विसर पडतो, पण रात्री-अपरात्री तिच्यातून आवाज येतच राहतात. अशा माणसाला मध्येच काही काळाचे भान राहत नाही, आपले हातपाय आपले वाटत नाहीत, आपण आपल्याकडेच दुरून पाहतो आहोत असा भास होतो, किंवा काही कारण नसताना अंग बधिर होते. जाने यांचे आणखी एक निरीक्षण होते. या माणसांची संकटाच्या क्षणी करावयाची कृती अर्धवट राहिलेली असते. धावावयाचे होते, धावता आले नाही. ढकलावयाचे होते, हात उचलला नाही. ती अपुरी कृती देहात अडकून पडते.

हा विचार पुढे मागे पडला, आणि त्याची किंमत पहिल्या महायुद्धातील सैनिकांनी मोजली. तोफांच्या भडिमारातून शरीराने धडधाकट परतलेले जवान थरथर कापू लागले, मुके झाले, चालेनासे झाले. १९१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चार्ल्स मायर्स यांनी ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला. रोगाला नाव मिळाले, पण न्याय मिळाला नाही. पलायन, भ्याडपणा आणि तत्सम आरोपांवरून गोळ्या घालून ठार केलेल्या ब्रिटिश सैन्यातील ३०६ सैनिकांना माफी मिळण्यास २००६ साल उजाडावे लागले. त्यांच्यापैकी कित्येकांचा अपराध एवढाच असावा की, त्यांच्या शरीराने आज्ञा पाळण्याचे नाकारले.

ही कथा आपल्यापासून दूरची नाही. त्याच युद्धात मेसोपोटेमियात कूत येथे वेढ्यात सापडलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि उपाशी सैनिकांना वाळवंटातून कैदेत चालविण्यात आले. आज बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. रणांगणे आणि पदके यांची नोंद तेथे अभिमानाने जपली जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्या कैदेतून गावी परतल्यावर ताटावरून मध्येच उठून जाणारा, दाराची कडी वाजताच भिंतीला पाठ लावून उभा राहणारा शिपाई कोणत्या नोंदवहीत सापडणार? घरच्यांनी त्याला ‘बाहेरची बाधा’ म्हटले असेल किंवा ‘डोक्याने गेला’ म्हणून सोडून दिले असेल.

१९४१ साली अब्राम कार्डिनर या अमेरिकन मनोवैज्ञानिकाने युद्धजन्य विकारांवरील ग्रंथात हा आजार मनाइतकाच शरीराचाही आहे, असे ठासून सांगितले. तरीही अमेरिकन मनोविकार संघटनेच्या अधिकृत सूचीत आघातोत्तर तणाव विकाराला जागा मिळाली ती १९८० साली, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलात आलेल्या वर्गीकरणात दीर्घकाळच्या छळातून उद्भवणाऱ्या जटिल स्वरूपाची स्वतंत्र नोंद झाली आहे. जाने यांच्या ग्रंथापासून हे अंतर एकशे तेहतीस वर्षांचे आहे.

आघाताच्या क्षणी शरीरात नेमके काय घडते? संकट दिसताच मेंदूतील सावधगिरीचे केंद्र विचाराची वाट न पाहता धोक्याची घंटा वाजवते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, हातापायांकडे रक्त धावते. देह लढण्यास किंवा पळण्यास सिद्ध होतो. परंतु लढताही येत नाही आणि पळताही येत नाही, अशी कोंडी झाली की तिसरी अवस्था येते. सशापासून माणसापर्यंत सर्व प्राण्यांत ती आढळते. शरीर गोठते, आवाज बंद होतो, वेदना बोथट होते, मन जणू देह सोडून बाजूला उभे राहते. हे भ्याडपण नव्हे आणि संमतीही नव्हे. निसर्गाने दिलेला तो अखेरचा बचाव आहे. दुर्दैव असे की, संकट टळल्यानंतरही हा बचाव मागे घेतला जात नाही. वर्षे उलटतात, तरी एखादा वास, बुटांचा आवाज किंवा खांद्यावर पडलेला हात पुरेसा होतो, आणि शरीर पुन्हा त्याच क्षणात जाऊन पोहोचते.

मराठी भाषेला हे फार पूर्वीपासून उमगलेले आहे. आपल्या बोलीत भीतीने पोटात गोळा येतो, छातीत धस्स होते, हातपाय गळतात, तोंडचे पाणी पळते, ऊर दडपतो. यातला एकही शब्दप्रयोग विचाराविषयी बोलत नाही. सारे देहाविषयी बोलतात. भाषेला जे कळले ते न्यायासनाला कळण्यास मात्र फार वेळ लागला, आणि येथे हा विषय वैद्यकाच्या कक्षेतून बाहेर पडून थेट आपल्या दाराशी येतो.

‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. १९७२ साली त्या वेळच्या चांदा जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. मुलीच्या अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, तिने प्रतिकार केला नाही, हे निकालातील एक प्रमुख कारण होते. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, गणवेशातील माणसांसमोर एका अनाथ मुलीचा देह गोठून गेला असेल ही शक्यता कोणाच्या ध्यानी आली नाही. चार कायदेपंडितांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती गृहीत धरता येणार नाही, हे कायद्याने स्पष्ट शब्दांत सांगण्यास २०१३ साल उजाडले; आजच्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील एका अभ्यासात, स्टॉकहोमच्या तातडीच्या चिकित्सालयात आलेल्या २९८ बलात्कारपीडित स्त्रियांपैकी ७० टक्के स्त्रियांनी प्रसंगाच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात निश्चल झाल्याचे सांगितले. ‘ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न पोलीस ठाण्यात, न्यायालयात आणि माजघरात आजही विचारला जातो. प्रश्न विचारणाऱ्याने हा आकडा समोर ठेवावा.

आता उपचाराविषयी. ज्या मनाने प्रसंगाला शब्दच दिलेले नाहीत, त्याला ‘बोल, सांग, आठव’ असा आग्रह करणे कधी कधी घातक ठरते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या चित्रणाच्या एका अभ्यासात असे आढळले की, रुग्णांना त्यांच्याच आघाताचे वर्णन ऐकविले असता भावनेची केंद्रे उद्दीपित होतात आणि वाणीशी संबंधित असलेला भाग मंदावतो. अभ्यास अवघ्या आठ रुग्णांचा होता. तरी ‘वाचा बसणे’ या आपल्या शब्दप्रयोगाला त्यातून पुष्टी मिळते. अशा रुग्णाकडे शब्दाच्या वाटेने जाता येत नसेल, तर शरीराच्या वाटेने जावे, हा देहाधिष्ठित मानसचिकित्सेचा गाभा आहे.

या वाटेचे पहिले पाथरवट विल्हेल्म राइख. दडपलेल्या भावना स्नायूंत चिलखतासारख्या घट्ट बसतात, असे त्यांनी १९३० च्या दशकात मांडले. पुढे ते भलत्याच कल्पनांच्या मागे लागले आणि १९५७ साली अमेरिकेच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. पण मूळ निरीक्षण टिकून राहिले. अमेरिकेत पीटर लेव्हिन आणि पॅट ऑग्डेन यांनी आपापल्या पद्धती विकसित केल्या. लेव्हिन यांचा ग्रंथ १९९७ साली, ऑग्डेन यांचा २००६ साली प्रसिद्ध झाला. बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या २०१४ सालच्या पुस्तकाने हा विचार जगभरच्या सामान्य वाचकांपर्यंत नेला.

या उपचाराचे स्वरूप अगदी साधे, म्हणूनच कठीण आहे. चिकित्सक प्रथम आघाताची कथा विचारीत नाही. तो विचारतो, पायाखालची जमीन जाणवते का? खुर्चीचा आधार पाठीला लागतो का? खोलीत नजर फिरवा; दार कोठे आहे, खिडकी कोठे आहे, ते पाहा. आपण आज, येथे, सुरक्षित आहोत ही गोष्ट बुद्धीला ठाऊक असते. ती देहाला पटवून द्यावयाची असते. मग शरीरातील एखाद्या त्रासदायक संवेदनेला क्षणभर स्पर्श करावयाचा आणि लगेच निवांत जागेकडे परतावयाचे. पूर आलेल्या नदीचे पाणी बंधाऱ्याची एकेक फळी काढून सोडावे, तसे हे काम थोडे थोडे चालते. हळूहळू एखाद्याच्या हातांना ढकलण्याची ऊर्मी होते, एखाद्याचे पाय धावू पाहतात. चिकित्सक त्या अर्धवट राहिलेल्या हालचालीला सावकाश पुरे होऊ देतो. विघटनाची प्रवृत्ती असलेल्या रुग्णाबाबत तर घाई हाच अपराध ठरतो. आधी स्थैर्य, मग स्मृती, मग जीवनाशी पुन्हा सांधेजोड, हा जाने यांनी आखलेला क्रम आजही पाळला जातो.

तथापि, नव्याचे कौतुक करताना विवेक सोडणे वृत्तपत्राला शोभणार नाही. देहाधिष्ठित उपचारांच्या बाजूचा पुरावा आशादायक आहे, पण अजून तोकडा आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूतील १५० पीडितांवर अशा पद्धतीचा अल्पकालीन प्रयोग झाला. बहुतेकांनी सुधारणा सांगितली, परंतु उपचार न केलेला तुलनेचा गट नव्हता. इस्रायलमध्ये ६३ रुग्णांवर केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तुलना होती व निष्कर्ष अनुकूल आला. पण ६३ ही संख्या लहानच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली प्रौढांसाठी ज्यांची शिफारस केली ते उपचार वेगळे आहेत: आघातकेंद्रित बोधात्मक वर्तनचिकित्सा आणि डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारी ‘ईएमडीआर’ ही पद्धत. ‘स्मृती स्नायूंत साठते’ हे विधान काव्य म्हणून ठीक. शास्त्र म्हणून नव्हे. स्मृती मेंदूतच असते. देह तिचा साक्षीदार आहे, कोठार नव्हे. शिवाय, चिकित्सकाच्या सूचनेमुळे न घडलेल्या प्रसंगांच्या ‘आठवणी’ निर्माण होऊ शकतात, हा १९९० च्या दशकातील अमेरिकन अनुभव विसरता येणार नाही. फारियांच्या काळापासून सूचनेची शक्ती सिद्ध आहे. तिच्यात तारण आहे तसा धोकाही आहे.

आपल्याकडे कोणी म्हणेल, यात नवे ते काय, योगशास्त्र आमचेच आहे. आहेच. २०१४ साली अमेरिकेत ६४ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, इतर उपचारांनी बऱ्या न झालेल्या स्त्रियांना दहा आठवडे योग शिकविला गेला. अखेरीस योगाच्या गटातील ३१ पैकी १६ जणींमध्ये विकाराचे निकष उरले नाहीत. तुलनेच्या गटात २९ पैकी ६ जणींबाबत तसे झाले. पण त्या वर्गात शिक्षक हुकूम सोडीत नव्हता. ‘जमत असेल तर, हवे असेल तर’ असे सांगितले जात होते. ज्याच्या देहावर दुसऱ्याने एकदा बळाने ताबा घेतला आहे, त्याला पुन्हा आज्ञेने वाकविणे हा उपचार नव्हे. आमच्या योगवर्गांनी आणि ध्यानशिबिरांनी हा भेद शिकून घेण्यासारखा आहे. डोळे मिटून तासन्तास बसविल्याने काहींची व्यथा उफाळून येते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रश्न अंगात येण्याचा. कोकणपट्टीच्या देवळांतून, घाटावरच्या जत्रांतून घुमणाऱ्या स्त्रिया आपण पाहतो. सश्रद्ध हात जोडतो, सुधारक हसतो. दोघेही त्या बाईचे ऐकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचे वर्गीकरण याबाबतीत समंजस आहे. समाजमान्य धार्मिक आचाराचा भाग असलेला संचार हा रोग मानू नये. पण अनिच्छेने येणारा, यातना देणारा, संसार मोडणारा संचार हा विघटनाचा विकार असू शकतो. घरात जिला बोलता येत नाही, तिचा देह देवीच्या नावाने बोलत असेल, तर तिला बुवाच्या छडीची गरज नाही आणि आपल्या उपहासाचीही नाही. तिच्यावर काय गुदरले, हे तिच्या गतीने ऐकणाऱ्या माणसाची गरज आहे.

आणि एक विषय, जो आमच्या पिढीने टाळला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पण मोहन रानडे १९६९ च्या जानेवारीपर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगातच होते. भूमीच्या मुक्तीची तारीख आणि माणसाच्या सुटकेची तारीख एक असतेच असे नाही, याचे याहून ढळढळीत उदाहरण कोणते? मग ज्यांना कोठडीत मारहाण झाली, त्यांच्या देहाची सुटका कोणत्या तारखेला झाली? आम्ही त्यांना ताम्रपट दिले, निवृत्तिवेतन दिले, चौकांना नावे दिली. त्यांच्या झोपेची विचारपूस एखाद्या समितीने केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. डेन्मार्कमध्ये इंगे गेनेफ्के या महिला डॉक्टरने १९८२ साली छळपीडितांच्या पुनर्वसनाचे केंद्र कोपनहेगनला उभारले. तेथे मानसोपचाराच्या जोडीला शरीरोपचारांनाही स्थान होते. वीरपुरुषाला भीती माहीत नसते, या आमच्या भाबड्या समजुतीने त्या माणसांवर मौनाची आणखी एक कोठडी लादली.

आज प्रश्न केवळ जुन्या जखमांचा नाही. केंद्र सरकारच्या २००७ सालच्या पाहणीत तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले. त्यांपैकी ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीने २०१६ साली दाखवून दिले की, निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. या पाहणीत गुजरात आणि मध्य प्रदेश ही राज्ये होती. म्हणजे बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील आमच्या बांधवांच्या दारचेच हे वास्तव आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क ठरविला. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेली मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू झाली. हक्क कागदावर आला. तो अंगणात यावयाचा आहे.

त्यासाठी तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. पोलीस, वकील आणि न्यायालयीन कर्मचारी यांच्या प्रशिक्षणात भीतीने गोठणाऱ्या देहाचे शास्त्र शिकविले जावे. जिल्हा रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञाच्या जोडीला आघातावरील उपचारांचे शिक्षण घेतलेले चिकित्सक नेमावेत. आणि स्पर्शाचा वापर करणाऱ्या उपचारांबाबत कडक आचारसंहिता असावी. चार दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून रुग्णाच्या देहाला हात घालणारे ‘तज्ज्ञ’ हे नव्या वेषातले जुने बुवाच होत. किनाऱ्यावरील आमच्या राज्यात अशा पाट्यांचे पीक जोरात आहे, म्हणून हा इशारा. उपचार घेणाऱ्याने चिकित्सकाची पात्रता आणि नोंदणी विचारावी. ‘नको’ म्हणता येईल अशा ठिकाणीच जावे. ज्याचा ‘नको’ एकदा पायदळी तुडविला गेला, त्याला ‘नको’ म्हणण्याचे बळ परत मिळणे हीच या उपचाराची खरी कसोटी आहे.

शासनाचे काम शासनाकडे. घराचे काम घराकडे. मुलगी एकाएकी अबोल झाली, मुलगा स्पर्शाने दचकू लागला, आजोबा रात्री ओरडून उठतात, सून देवघरासमोर भान हरपते, तर ‘नाटक’ हा शब्द ओठांवर येण्यापूर्वी क्षणभर थांबावे. जे तोंड सांगू शकत नाही ते देह सांगत असतो. त्याची साक्ष नोंदवून घेण्यास न्यायाधीश लागत नाही. शेजारी शांतपणे बसणारा माणूस लागतो.